माल कुठं जाणार, या ओळीखालची सही

या वहीला कोणी हात लावला तर आधी माझं अक्षर सोसावं लागेल. चौथी झाली आणि शाळा सुटली. ऱ्हस्व कुठं, दीर्घ कुठं हे मी अजून अंदाजानेच ठरवते. त्यातून उभा जन्म ब्रशने खोक्यांवर अक्षरं काढण्यात गेला. पेन धरलं तरी हात तसाच मोठा चालतो, ओळीत चार शब्द बसतात आणि पान संपतं. माझी पुतणी शिक्षिका आहे. ती म्हणते, "आत्या, दिवाळी अंकात कामाच्या आठवणी छापतात, तू पाठव." चार माणसांत मला तोंड उघडता येत नाही, मी छापून कुठं येऊ? पण वहीपुढं लाज वाटत नाही, म्हणून इथं लिहिते.

मी लोधिवलीची. चौक गावाला पुणे रस्त्याच्या कडेला पत्र्याची एक शेड होती, तिथं पंचवीस वर्षं काम केलं. आम्ही तिला कारखाना म्हणायचो. मालक म्हणाल तर आप्पा सुतार, पण ते स्वतःच सकाळपासून कातावर, लाकूड फिरवून गोल करायच्या यंत्रावर, बसलेले असत, त्यामुळे मालक कोण हे नव्या माणसाला विचारावं लागे. आम्ही दहा बायका. माल एकच, दांडे. कुदळीचे, कुऱ्हाडीचे, हातोड्याचे, कोयत्याच्या मुठी.

दांडा म्हणजे काय, काठीच की, असं लोकांना वाटतं. काठी कुठल्याही लाकडाची होते. दांड्याला धामणीच्या झाडाचं लाकूड लागतं. धामण वाकते पण तुटत नाही, घावाचा झटका स्वतः पिते, हाताला लागू देत नाही. लाकडाची रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ गेली पाहिजे. मध्येच बाहेर पडली तर तो दांडा एक दिवस कोणाचं तरी डोकं फोडणार, म्हणून तो चुलीत. सावलीत तीन महिने वाळवायचं, आप्पांनी कातावर धरायचं, मग आम्ही बायकांनी फुटक्या काचेने खरवडायचं, काचपेपर मारायचा आणि अळशीचं तेल पाजायचं. शेवटी मी डोळे मिटून प्रत्येक दांड्यावरून तळवा फिरवायची. डोळ्याला न दिसणारं कुसळ तळव्याला सापडतं.

कडावचा एक शेतकरी आठ वर्षांनी कुऱ्हाडीचा दांडा परत घेऊन आला होता. "झिजला," म्हणाला. आप्पा म्हणाले, "आठ वरसांत तुजी बायको झिजली आसंल, ती कुनाकडं परत नेलीस?" तरी बदलून दिला. कर्जतच्या एका पैलवानाने मुद्गलांची जोडी करून घेतली आणि ती उचलता येईना म्हणून महिन्याने हळूच तासून घेऊन गेला. कोणाला सांगू नका म्हणाला होता. तो आता नाही, म्हणून लिहिलं.

लाकूड वरच्या ठाकरवाडीतून यायचं. बुधी ठाकरीण आणायची, कधी डोक्यावर, कधी बैलगाडीतून. त्या लाकडाला पास लागे. कुठल्या रानातलं, कोणी तोडलं, कुठं चाललं, हे सगळं पासावर लिहिलेलं असे आणि ओंडक्यावर जंगलखात्याच्या हातोड्याची खूण. पास नसेल तर लाकूड नाक्यावरून हलत नसे. एकदा पास असूनही बुधीच्या खांद्यावर रखवालदाराची काठी पडली होती. पास आहे हे त्याने नंतर वाचलं.

मला चौथीपर्यंतचं लिहितावाचता येतं म्हणून आप्पांनी कागदांचं काम माझ्याकडे दिलं. खोक्यावर नाव-गाव रंगवायचं तेही माझंच. इंग्रजी मला येत नव्हतं, आजही येत नाही. पण व्यापाऱ्याने जे लिहून दिलं ते मी वळणासकट उतरवायची. इंग्रजी अक्षरं माझ्यासाठी रांगोळीसारखी होती, अर्थ न कळता बिनचूक काढायची.

सत्तरच्या पुढची ती वर्षं. मुंबईहून सामंत नावाचे एक गृहस्थ यायला लागले. परदेशी माल पाठवायचा त्यांचा धंदा. हसतमुख माणूस. येताना पेढे आणायचा, सगळ्यांची नावं लक्षात ठेवायचा. त्यांच्यामुळे आमचे दांडे आफ्रिकेला जायला लागले. आमच्या हाताला वर्षभर काम मिळालं, ते त्यांच्यामुळेच. हे मी नाकारत नाही.

परदेशी माल जायचा म्हणजे तीन कागद. पहिल्यावर किती नग, दुसऱ्यावर किंमत. तिसरा कागद माल करणाऱ्याचा. माल काय आहे आणि कुठं जाणार, एवढंच त्यावर असे, आणि खाली करणाऱ्याची सही. आप्पा अंगठा करायचे आणि त्याशेजारी कारखान्यातर्फे मी सही करायची. सामंत बोट ठेवायचे, मी तिथं नाव लिहायची. वर इंग्रजीत काय छापलंय हे मी विचारलं नाही. विचारायचं म्हणजे पुरुषाशी बोलावं लागलं असतं.

एका वर्षी सामंतांनी नवा नमुना आणला. दीड हात लांब. एका टोकाला बोटं बसतील अशा चार खाचा, त्याच टोकाला आरपार भोक. दुसरं टोक गोल.

आप्पांनी तो उलटासुलटा करून पाहिला. "ह्यो कशाचा म्हनायचा?"

"खाणीतल्या कुदळीचा. तिकडची कुदळ वेगळी असते, आप्पा."

बुधी तेव्हाच लाकडाची मोळी टाकून पाणी पीत होती. तिने नमुना हातात घेतला. "यात लोखंड बसवायचं कुटं?"

"ते तिकडं गेल्यावर बसवतात, मावशी."

"आनि ह्ये भोक?"

"दोरी घालायला. खुंटीला टांगतात."

बुधीने मोळीची दोरी सोडली, भोकातून ओवली, फास मनगटात घातला आणि हात झटकला. नमुना आपोआप तिच्या मुठीत येऊन बसला. ती म्हणाली, "हातातनं कुनी हिसकू नये म्हनून हाय ही दोरी. कुदळ कोन हिसकतो रं? असला खांद्यावर पडलाय माज्या, म्हनून ठाव हाय."

सगळ्या हसल्या. सामंतही हसले, म्हणाले, "मावशीला वकिली शिकवायला पायजे होती." मीही हसले. वीस डझन नग गेले. कागदावर लिहिलं, कुदळीचे दांडे. त्याखाली माझी सही आहे. हे मला पुसता येत नाही.

माल तिकडं आवडला. सामंत परत आले ते दोनशे डझनांची मागणी घेऊन, आणि मोटर लावलेला दुसरा कात घ्यायला चोवीसशे रुपये उचल देऊन. चोवीसशे रुपये आम्ही कधी एकत्र पाहिले नव्हते. आप्पांनी ते मोजायला मला दिले आणि स्वतः हात धुऊन आले. कात आला. सोळा माणसांचं काम एक मोटर करायला लागली. साठ डझन नग पंधरा दिवसांत तयार झाले.

या खेपेला सामंतांनी मला दोन चिठ्ठ्या दिल्या. एक खोक्यावर बाहेरून रंगवायची, दुसरी झाकणाच्या आतल्या बाजूला. याआधी आतबाहेर एकच नाव असायचं. वाटेत बाहेरचा रंग गेला तर आत बघता यावं म्हणून. मी पहिलं झाकण रंगवलं आणि थांबले. दोन्ही रांगोळ्या वेगळ्या होत्या. बाहेरची लांब, आतली आखूड. पहिलं अक्षरही एक नव्हतं.

मी आप्पांना दाखवलं. ते म्हणाले, "आपल्याला काय करायचं हाय, पोरी? तो सांगंल तसं रंगव."

मी रंगवलं. पण एका खोक्याची दोन गावं कशी असतील? बुधीचं लाकूड दोन ठिकाणी जातं असं पासावर लिहिलं असतं तर नाक्यावर काय झालं असतं? कॅलेंडरचं जुनं पान फाडलं, मागच्या बाजूला दोन्ही नावं उतरवली आणि तिसऱ्या कागदाची कोरी प्रत घडी करून त्यात ठेवली.

कर्जतला स्टेशनच्या पलीकडे एक निवृत्त कारकून राहायचे. नोकरीचा सगळा काळ मुंबईच्या परवाना कचेरीत गेलेला. सगळं गाव त्यांना परमिटकाका म्हणे. एकटीने जायची माझी हिंमत नव्हती. बुधीला म्हटलं, "चल गं माझ्याबरोबर." ती म्हणाली, "मला काय कळतंय कागदातलं?" मी म्हटलं, "तू नुसती बस. तू असलीस की मला बोलता येतं." एसटीने गेलो. काकूंनी चहा दिला, घरातल्या कपांतून, दोघींनाही. हे मी मुद्दाम लिहिते, कारण तसं सगळीकडे होत नसे.

काकांनी कॅलेंडरचं पान चष्म्याजवळ धरलं. "बाहेरचं मोंबासा. आतलं डरबन." मग माझ्याकडे पाहिलं. "काय पाठवताय बाई तुम्ही?"

मी पिशवीतून एक नग काढून ठेवला. त्यांनी तो हातात घेतला नाही.

"हा सोटा आहे. पोलिसांचा," ते म्हणाले. "कुदळीच्या दांड्याला कोणी अडवत नाही. असल्या वस्तूला मात्र परवाना लागतो, आणि परवाना मागितला की कचेरी विचारते, कोणासाठी. मोंबासाला माल पाठवता येतो, पण डरबन ज्या देशात आहे तिथं आपण खिळासुद्धा विकत नाही. व्यापार बंद आहे आपला. किती वर्षं झाली."

"का बंद?" मी विचारलं. परक्या पुरुषाला विचारलेला हा माझा पहिला प्रश्न असावा.

"तिथं गोऱ्यांचं राज्य आहे. काळा माणूस मूळचा तिथलाच, पण स्वतःच्या देशात हिंडायला त्याला पास लागतो. पास नसेल तर धरतात, मारतात. आपली माणसंही आहेत तिथं, त्यांचेही हालच."

बुधी इतका वेळ कप खाली ठेवून भिंतीकडे बघत होती. तिने मान वळवली. "मानसाला पास? आमच्या लाकडागत?"

"हो."

"कुटनं आलास, कुटं चाललास?"

"तेच लिहिलेलं असतं त्यावर."

बुधीने खांदा चोळला, पदरावरून.

मी तिसरा कागद पुढं केला. काकांनी छापलेल्या ओळी वाचून मराठीत सांगितल्या. वर नमूद केलेला माल हाच आहे, आणि आमच्या माहितीप्रमाणे तो बंदी असलेल्या देशात जाणार नाही. त्या ओळींखाली मी नाव लिहीत आले होते.

"पण खोकं उघडून तपासत असतील ना कोणी?" मी म्हटलं.

काका हसले, पण वाईट वाटल्यासारखं. "बंदरावर हजारो खोकी असतात बाई. मी तीस वर्षं ते कागद बघितले. खोकं एकदाही नाही बघितलं. कागदावर दांडे लिहिलं की दांडे."

"मग नियम चालतो कशावर?"

"तुमच्या सहीवर," ते म्हणाले. "करणाऱ्याला ठाऊक असतं आपण काय केलंय. बाकी आम्ही सगळे वाचणारे."

परतीच्या एसटीत मी एवढंच ठरवलं की सही करायची नाही. बाकी काय होईल ते मला दिसत नव्हतं. कात घेऊन झाला होता, उचल संपली होती, आणि शेडमध्ये दहा बायका होत्या. त्यातल्या कोणाच्या घरी काय शिजतं ते मला माहीत होतं.

सामंत शनिवारी आले. पेढे ठेवले, कागद पसरले, बोट ठेवलं. "इथं, सुमनबाई."

मी म्हटलं, "वर सोटे लिहा. आणि डरबन लिहा. मग करते."

शेडमधला काचपेपरचा आवाज थांबला. सामंतांचं बोट तिथंच राहिलं. "कोणी सांगितलं तुम्हाला हे?"

"झाकणावर मीच रंगवलंय."

"अहो, तुम्ही चौथी शिकलेल्या. सरकारचं राजकारण सरकार बघेल. आपण लाकूड विकतो. लाकूड कोणाला मारत नाही."

"मग खरं लिहायला काय हरकत आहे?"

ते आप्पांकडे वळले. "आप्पा, समजवा तुमच्या कारकुनीला. नाहीतर माझे चोवीसशे ठेवा इथं. आत्ता."

आप्पा कातावरून उठले. मला वाटलं, आता मला घरी जायला सांगतात. ते म्हणाले, "सुमन, सही क्येली नाय तर ह्या बायांना मी उद्या काय देऊ? तूच सांग."

मी म्हटलं, "माझी मजुरी नका देऊ. पण सही नाही करत."

आमचे वडील गावकीचं काम करायचे. हातात घुंगरांची काठी, तिच्या जोरावर नाही, तिच्या ओझ्याखाली चालायचे. छप्पन साली धर्म बदलला त्या आठवड्यात त्यांनी ती काठी पाटलाच्या ओट्यावर नेऊन ठेवली आणि रिकाम्या हाताने घरी आले. घरात धान्य नव्हतं तेव्हा. मी लहान होते, विचारलं, आता काय खायचं? ते म्हणाले, "ते बघू. काठी गेली ना?" त्या शनिवारी मला ते आठवत नव्हतं. आठवलं नंतर.

बुधी दारात उभी होती. ती म्हणाली, "आप्पा, ह्या कामाला माजी धामण नाय मिळायची. आजपास्नं. वाडीतल्या कुनाचीच नाय." धामणीशिवाय शेडमध्ये नुसता पत्राच उरला असता. आप्पांनी पेढ्यांचा डबा झाकून सामंतांच्या हातात दिला.

"पैसं देऊ," ते म्हणाले. "एकदम नाय जमनार. पन देऊ."

तयार साठ डझनांचं काय करायचं हा प्रश्न होता. आप्पांनी रविवारभर विचार केला आणि सोमवारी खाचांचं टोक करवतीने उडवून उरलेलं कातावर धरलं. लाटणी झाली. धामणीचं लाटणं जड असतं, बायकांनी सुरुवातीला नावं ठेवली. पण खोपोली, चौक, कर्जत, कडाव, आठवड्याच्या सगळ्या बाजारांत आम्ही पाटीत घेऊन बसलो. मी, बाजारात! ओरडायची बुधी, पैसे घ्यायची मी. खालापूर तालुक्यातल्या कितीतरी घरी अजून त्या लाटण्यांवर पोळ्या होतात आणि मूळचं ते काय होतं हे कोणाला माहीत नाही.

त्या वीस डझनांचं मात्र काही करता आलं नाही. मी काकांकडून परवाना कचेरीला पत्र लिहून घेतलं. अमुक माल माझ्या सहीने दांडे म्हणून गेला, तो सोटे होता. काका म्हणाले, "तुमच्यावरच शेकेल." मी म्हटलं, शेकू द्या. महिन्याने छापील पोच आली. तेवढीच. तो माल कुठं गेला, कोणाच्या हातात गेला आणि कोणाच्या खांद्यावर, मला कळलं नाही. कळणार नाही. वर्तमानपत्रात तिकडचं चित्र आलं की मी अजून माणसांच्या तोंडाकडे आधी बघत नाही, शिपायाच्या हाताकडे बघते. खाचा चार आहेत का ते.

दोन बायका सोडून गेल्या. एकीने जाताना मला ऐकवलं, "तुजी सही म्हाग पडली गं आमाला." ते खरं होतं.

पैशांचं काकांनी वेगळंच सांगितलं होतं. "देऊ नका. असल्या व्यवहाराचे पैसे मागायला तो कोर्टात जाणार नाही. जाऊच शकत नाही." आप्पांचे डोळे चमकले होते. मीच नको म्हटलं. त्याचे पैसे ठेवले असते तर तो कात त्याच्या कामाचा राहिला असता. आमचे दांडे ज्याच्यावर वळतात तो कात आमच्या पैशांचा हवा होता. मी आठवड्याला माझ्या मजुरीतले दोन रुपये काढून ठेवले. आप्पांनी लाटण्यांचा नफा वेगळा डब्यात ठेवला. बुधीने एका पावसाळ्यात लाकडाचे पैसे घेतलेच नाहीत. विचारलं तर म्हणाली, "माजा खांदा हाय त्यात." दर दोन-तीन महिन्यांनी सामंतांना मनीऑर्डर जायची. कधी सव्वाशे, कधी दीडशे. पोचेच्या तुकड्यांवर त्यांची सही यायची, बाकी अक्षर नाही.

शेवटचे एकशेदहा रुपये घ्यायला ते स्वतः आले. साडेतीन वर्षं झाली होती. केस पिकले होते, पेढे आणले नव्हते. खरं सांगते, मला पेढ्यांची आठवण आली. त्यांनी पैसे मोजले, खिशात ठेवले आणि म्हणाले, "झालं सुमनबाई, मिटलं."

"पावती द्या," मी म्हटलं.

त्यांनी खिशातून कागद काढला आणि उभ्या उभ्या लिहिलं. या वेळी मराठी होतं, मला वाचता येत होतं. दांड्यांच्या कामाची उचल रुपये चोवीसशे पूर्ण परत मिळाली.

मी कागद परत त्यांच्यापुढं केला. "दांड्यांची नव्हती."

कात चालू होता, आप्पांनी तो बंद केला. सामंतांनी माझ्याकडे पाहिलं, मग लाकूड घेऊन आलेल्या बुधीकडे. पेन परत काढलं. "दांड्यांच्या" यावर आडवी रेघ मारली आणि वर लिहिलं, "सोट्यांच्या". खाली सही केली, तारीख घातली.

मी ती ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. मग पावती घेतली.